अल्पायुषी गणिती : एव्हारीस्त गाल्वा

दोन अपरिचित माणसांत व्यवहार व्हायचा म्हणजे दोन गोष्टींची खात्री पटावी लागते. एक, समोरचा माणूस जे नाव सांगतो आहे तोच तो आहे. आणि दुसरी, त्याने धाडलेल्या निरोपात वाटेत कोणी ढवळाढवळ केलेली नाही. आपल्या जुन्या दफ्तरांतील पत्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ठाऊक असेल की, पत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपला की मोर्तब होई. पत्र कोणाचे ते शिक्का सांगे; मोर्तबाच्या पुढे कोणाला एक ओळही वाढवता येत नसे. ही व्यवस्था किती निकडीची होती हे 'ध'चा 'मा' केल्याच्या कथेवरून कळते. इतिहासकार त्या कथेला किती किंमत देतात ते देवोत, पण कागदावरचे एक अक्षर बदलले म्हणजे माणसाचा जीव जाऊ शकतो, ही गोष्ट तिने मराठी मनावर कायमची ठसवली आहे.

आज आपण परीक्षेची फी, गाडीचे तिकीट किंवा मागवलेल्या पुस्तकाचे पैसे मोबाइलवरून भरतो तेव्हाही प्रश्न हेच दोन असतात. पलीकडे खरोखरच ते दुकान आहे काय? आणि आपण पाठवलेली रक्कम व खात्याचा आकडा वाटेत कोणी वाचला किंवा बदलला तर नाही? शिक्क्याच्या जागी आता संकेतस्थळाचे प्रमाणपत्र आले आहे आणि मोर्तबाच्या जागी गणित. या गणिताच्या एका मोठ्या भागावर ज्याचे नाव कोरले गेले आहे, तो ना व्यापारी होता, ना हेर, ना यंत्रज्ञ. तो होता १८३२ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, पिस्तुलाच्या गोळीने मेलेला एक फ्रेंच विद्यार्थी. त्याचे नाव एव्हारीस्त गाल्वा.

गाल्वाचा जन्म २५ ऑक्टोबर १८११ रोजी पॅरिसजवळच्या बूर-ला-रेन या गावी झाला. वडील निकोला-गाब्रिएल हे शाळाचालक होते. पुढे १८१५ साली ते गावाचे महापौर झाले. उदार मतांचे, हौशी, प्रसंगोपात्त विनोदी कविता रचणारे असे ते गृहस्थ होते. आई विदुषी होती. बारा वर्षांचा होईपर्यंत तिनेच मुलाला लॅटिन आणि ग्रीक शिकवले. १८२३ च्या ऑक्टोबरात त्याला पॅरिसच्या लुई-ल-ग्रां या नामांकित विद्यालयात घालण्यात आले. पहिली काही वर्षे बरी गेली, बक्षिसेही मिळाली. पण नंतर त्याचे लक्ष उडाले आणि त्याला एक वर्ग पुन्हा करावा लागला. याच सुमारास, १८२७ च्या आरंभी, तो गणिताच्या वर्गात जाऊ लागला आणि त्याला आपली वाट सापडली. लजांद्र यांचे भूमितीचे पुस्तक त्याने एखादी कादंबरी वाचावी तसे वाचून काढले असे सांगतात. मग शालेय पुस्तके बाजूला सारून तो थेट लाग्रांज यांच्या ग्रंथांकडे वळला. इतर विषयांचे शिक्षक मात्र या विक्षिप्त मुलाबद्दल नाराजीचे शेरे मारू लागले.

त्या काळी फ्रान्समध्ये गणित शिकावे तर एकोल पॉलितेक्निकमध्ये, असा लौकिक होता. गाल्वाने १८२८ साली, पुरेशी तयारी न करता, तिची प्रवेश परीक्षा दिली आणि तो नापास झाला. परंतु त्याच वर्षी त्याला रिशार नावाचे शिक्षक लाभले. हिऱ्याची पारख जवाहिऱ्यालाच, या म्हणीचा प्रत्यय येथे येतो. रिशार यांनी स्वतः मोठे संशोधन केले नाही. पण या मुलाची योग्यता त्यांनी तात्काळ ओळखली, त्याच्या वह्या जपून ठेवल्या आणि पुढे त्या एर्मित या आपल्या दुसऱ्या बुद्धिमान शिष्याच्या हवाली केल्या. १८२९ च्या एप्रिलमध्ये गाल्वाचा पहिला लेख छापून आला. त्याच वर्षी २५ मे व १ जून रोजी त्याने समीकरणांविषयीचे दोन निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीला सादर केले. परीक्षक होते कोशी. तेव्हा गाल्वाला अठरावे वर्ष चालू होते.

आणि इथेच त्याच्या दैवाने तोंड फिरवले. बूर-ला-रेन गावात नवा पाद्री आला होता आणि त्याचे व महापौरांचे राजकारणावरून वैर होते. चरित्रकार असे नोंदवतात की, महापौरांच्या कविता करण्याच्या सवयीचा फायदा घेऊन कोणी तरी त्यांच्या नावावर हिणकस, त्यांच्याच आप्तांची निंदा करणाऱ्या कविता रचल्या आणि पसरवल्या. याचा दोष त्या पाद्र्याकडे जातो. शब्द दुसऱ्याचे, नाव मात्र आपले. आणि ते आपले नाहीत हे सिद्ध करण्याचे कोणतेही साधन हाती नाही, अशा अवस्थेत तो भला माणूस खचला. २ जुलै १८२९ रोजी पॅरिसमधल्या आपल्या जागेत त्यांनी आत्महत्या केली.

या घटनेनंतर काही आठवड्यांतच गाल्वाला पॉलितेक्निकची परीक्षा दुसऱ्यांदा आणि नियमाप्रमाणे शेवटची द्यावी लागली. तो पुन्हा नापास झाला. त्याने चिडून परीक्षकाच्या अंगावर फळा पुसण्याचे फडके फेकले, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. पण तिला पक्का आधार नाही. डोक्यात दहा पायऱ्या पुढचा विचार करणारा आणि मधल्या पायऱ्या सांगायला कंटाळणारा तो विद्यार्थी होता. त्यातून पितृशोक ताजा. नापास होण्यास एवढे कारण पुरेसे आहे. अखेर शिक्षक तयार करणाऱ्या दुसऱ्या संस्थेत, पुढे जी एकोल नॉर्माल म्हणून प्रसिद्धीस आली तीत, त्याने प्रवेश घेतला.

अकादमीकडे गेलेल्या निबंधांचे काय झाले? कोशींनी ते हरवले, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. परंतु नंतर सापडलेल्या १८ जानेवारी १८३० च्या पत्रावरून दिसते की, कोशी त्या दिवशी अकादमीपुढे गाल्वाच्या कामाविषयी बोलणार होते आणि आजारपणामुळे जाऊ शकले नाहीत. पुढच्या बैठकीत मात्र त्यांनी तो विषय काढला नाही. फेब्रुवारीत गाल्वाने अकादमीच्या मोठ्या पारितोषिकासाठी नव्याने निबंध पाठवला. तो चिटणीस फूरिये यांच्याकडे गेला; १६ मे रोजी फूरिये वारले आणि त्यांच्या कागदपत्रांत तो निबंध सापडला नाही. पारितोषिक आबेल आणि याकोबी यांना विभागून मिळाले. त्यांतील आबेल हा नॉर्वेचा गणिती वर्षभरापूर्वीच, सव्विसाव्या वर्षी, दारिद्र्यात वारला होता.

ज्या कामासाठी गाल्वा झगडत होता ते थोडक्यात समजून घेतले पाहिजे. वर्गसमीकरण सोडवण्याची रीत आपण शाळेत शिकतो. तीन आणि चार घातांच्या समीकरणांच्या रीती सोळाव्या शतकात इटलीत सापडल्या. पाच घातांच्या सर्वसाधारण समीकरणाला अशी रीत असूच शकत नाही, हे आबेलने १८२४ साली सिद्ध केले. गाल्वाने त्याहून खोल प्रश्न विचारला : कोणते समीकरण मुळांच्या चिन्हांनी सुटेल आणि कोणते नाही, हे ओळखावे कसे? उत्तर शोधताना त्याने समीकरण बाजूला ठेवून त्याच्या उकलींची आपसांत अदलाबदल किती प्रकारे करता येते ते तपासले. अशा अदलाबदलींच्या समुदायाला त्याने 'गट' हा शब्द दिला. आज बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ज्या गटसिद्धांताचा अभ्यास करावा लागतो त्याचे मूळ येथे आहे.

पण आपल्या विषयाशी अधिक जवळचा आहे तो त्याचा दुसरा लेख. संख्यासिद्धांतावरील हा छोटा लेख १८३० च्या जूनमध्ये एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील कल्पना घड्याळाच्या उदाहरणाने समजेल. आपल्या घड्याळात बारा म्हणजे शून्य मानले तर तीन चोक बारा, म्हणजे शून्य. दोन संख्या शून्य नाहीत आणि गुणाकार मात्र शून्य! अशा घड्याळात बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार चालतो, भागाकार अडतो. आता सातच तासांचे घड्याळ घ्या. तेथे तीन पाचे पंधरा, म्हणजे एक. म्हणून तिनाने भागणे म्हणजे पाचाने गुणणे. सात ही मूळ संख्या असल्यामुळे येथे शून्याखेरीज प्रत्येक संख्येने भाग जातो. एवढे गाल्वाच्या आधी गाउस यांना ठाऊक होते. गाल्वाने पुढचे पाऊल टाकले. अशा घड्याळात ज्या समीकरणाला उकल नाही त्याची एक काल्पनिक उकल मानायची, जशी उणे एकाचे वर्गमूळ मानतात तशी, आणि ती घड्याळात मिसळायची. मग चार, आठ, नऊ, पंचवीस अशा संख्यांची, म्हणजे कोणत्याही मूळ संख्येच्या कोणत्याही घाताएवढी, नवी लहानशी विश्वे तयार होतात. त्यांत संख्या मोजक्याच असतात, पण चारही क्रिया निर्वेध चालतात. पुढे १८९३ साली अमेरिकेचे ई. एच. मूर यांनी सिद्ध केले की, अशी मोजक्या संख्यांची विश्वे गाल्वाने सांगितली तेवढीच असतात. त्यांना 'गाल्वा क्षेत्रे' हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

हा लेख छापून आल्यानंतर महिन्याभरात पॅरिसमध्ये क्रांती झाली. जुलैच्या त्या तीन दिवसांत पॉलितेक्निकचे विद्यार्थी रस्त्यावर लढत होते आणि गाल्वाच्या संस्थेच्या संचालकांनी मात्र दरवाजांना कुलपे घालून आपल्या विद्यार्थ्यांना आत कोंडले होते. दहावा चार्ल्स पळाला आणि लुई-फिलिप गादीवर आला. प्रजासत्ताकाची स्वप्ने पाहणाऱ्यांची घोर निराशा झाली. डिसेंबरात संचालकांवर कडक टीका करणारे पत्र प्रसिद्ध केल्यामुळे गाल्वाला संस्थेतून काढून टाकण्यात आले. १८३१ च्या जानेवारीत त्याने प्वासाँ यांच्या सूचनेवरून आपला निबंध अकादमीला तिसऱ्यांदा सादर केला.

९ मे १८३१ रोजी प्रजासत्ताकवाद्यांची एक मेजवानी झाली. कादंबरीकार आलेक्सांद्र द्यूमाही तेथे हजर होते. गाल्वाने हातात पेला आणि उघडा सुरा धरून राजाच्या नावाचा उच्चार केला. दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली. जूनमध्ये ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. पण १४ जुलैला, बंदी घातलेल्या तोफखाना दलाचा गणवेश घातल्यावरून, तो पुन्हा पकडला गेला आणि त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली. सेंत-पेलाजीच्या तुरुंगातच त्याला प्वासाँ यांचा अभिप्राय कळला : युक्तिवाद पुरेसा स्पष्ट नाही व पुरेसा विस्तारलेला नाही, लेखकाने संपूर्ण काम प्रसिद्ध केल्यावर मत देता येईल. प्वासाँ यांनी द्वेषाने असे लिहिले असे म्हणता येत नाही. त्यांना ते खरोखरच कळले नव्हते. पण तीन वर्षांत तीन वेळा दार ठोठावून परतलेल्या मुलाला हा फरक कोण समजावणार?

१८३२ च्या मार्चमध्ये पॅरिसला पटकीची साथ आली आणि त्याला तुरुंगातून एका शुश्रूषागृहात हलवण्यात आले. तेथे एका डॉक्टरांच्या मुलीवर त्याचे मन जडले. ते प्रेम सफल झाले नाही. एप्रिलअखेर त्याची सुटका झाली आणि ३० मेच्या पहाटे तो द्वंद्वयुद्धाला उभा राहिला. प्रतिस्पर्धी कोण होता आणि कारण नेमके काय, यावर आजही एकमत नाही. आदल्या रात्री त्याने ओग्युस्त शव्हालिए या मित्राला लांब पत्र लिहून आपल्या शोधांचा सारांश दिला आणि याकोबी किंवा गाउस यांचे मत जाहीरपणे मागण्याची विनंती केली. त्या एका रात्रीत त्याने सारे गणित निर्माण केले, ही कथा चरित्रग्रंथांनी फुगवलेली आहे. काम आधीच झालेले होते. त्या रात्री त्याने दुरुस्त्या केल्या आणि निरोप घेतला. पोटात गोळी लागून तो पडला. त्याला कोशँ रुग्णालयात नेण्यात आले. ३१ मे रोजी सकाळी, धाकटा भाऊ आल्फ्रेड जवळ असताना, त्याने प्राण सोडला. माँपार्नासच्या दफनभूमीत सार्वजनिक खड्ड्यात त्याला पुरण्यात आले. ती नेमकी जागा आज कोणाला दाखवता येत नाही.

शव्हालिए आणि आल्फ्रेड यांनी सारे कागद उतरवून काढले. अकरा वर्षांनी, १८४३ साली, लिऊव्हिल यांनी ते काळजीपूर्वक वाचून अकादमीला सांगितले की सिद्धता बरोबर आहे, आणि १८४६ साली आपल्या नियतकालिकात ते छापले. १८७० मध्ये जॉर्दां यांनी त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. गाल्वा अखेर गणिताच्या दरबारात मानाने बसला.

मात्र त्याच्या क्षेत्रांचा व्यवहारात मोठा उपयोग होण्यासाठी संगणक यावा लागला. संगणकाचे एक अक्षर, म्हणजे बाइट, एकूण २५६ प्रकारचे असू शकते. गुप्तलेखन करायचे म्हणजे या २५६ चिन्हांवर अशा क्रिया करायच्या की, किल्ली जवळ असलेल्याला त्या उलट्या करता याव्यात. साध्या २५६ तासांच्या घड्याळात सोळा गुणिले सोळा शून्य होते. तेथे परतीची वाट बंद. पण २५६ म्हणजे दोनाचा आठवा घात. म्हणून तेवढ्या संख्यांचे एक गाल्वा क्षेत्र आहे आणि तेथे भागाकार कधीही अडत नाही. बेल्जियमचे योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी याच क्षेत्रावर आपली कूटपद्धती उभारली. २००१ साली ती 'एईएस' या नावाने अमेरिकेचे शासकीय मानक बनली आणि नंतर जगभर पसरली. तिच्या जोडीला जी मोर्तबाची पद्धत वापरतात तिचे नावच 'गाल्वा-काउंटर पद्धत' असे आहे. तीत मजकुराचे सोळा-सोळा बाइटांचे तुकडे करून, दोनाच्या १२८ व्या घाताएवढ्या अवाढव्य गाल्वा क्षेत्रात त्यांचा एका गुप्त संख्येशी गुणाकार करत जातात आणि शेवटी एक खूण काढतात. वाटेत कोणी 'ध'चा 'मा' केला तर खूण जुळत नाही आणि पलीकडचा संगणक तो मजकूर नाकारतो. सुरक्षित जोडणीच्या २०१८ सालच्या टीएलएस १.३ या नियमावलीत ही जोडी सर्वसाधारणपणे अनिवार्य धरली आहे.

राहिला शिक्का, म्हणजे प्रमाणपत्र. एखाद्या दुकानाच्या संकेतस्थळाचे नाव, त्याची जाहीर किल्ली आणि मुदत एवढे त्यात लिहून त्यावर प्रमाणन संस्थेची अंकीय सही असते. कोणत्या संस्थांवर विश्वास ठेवावा याची यादी आपल्या ब्राउझरजवळ असते. सही ताडून पाहिल्यावरच पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असलेली जोडणी निर्वेध उघडते. आज यांतील पुष्कळ सह्या लंबवृत्तीय वक्रांच्या गणिताने केल्या जातात; ते वक्र सांत क्षेत्रांवर घेतलेले असतात आणि त्यांवरील बिंदूंचा 'गट' होतो. म्हणजे येथेही गाल्वाच्याच दोन कल्पना. भारतात २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अंकीय सहीला कायदेशीर मान्यता दिली. ज्याच्या वडिलांच्या नावावर दुसऱ्याने शब्द खपवले, त्याच्या गणितावर आज जगातील नावे सुरक्षित राहावीत, हा योगायोग विलक्षण आहे. गाल्वाच्या मनात तसे काही होते असे म्हणण्यास आधार नाही. पण वाचणाऱ्याच्या मनातून ते जात नाही.

तथापि प्रमाणपत्राची मर्यादाही ओळखली पाहिजे. ते फक्त नाव कोणाचे ते सांगते. माणूस कसा ते सांगत नाही. प्रसिद्ध दुकानाच्या नावात एक अक्षर बदलून कोणी ठगाने संकेतस्थळ काढले तर त्यालाही प्रमाणपत्र मिळू शकते. म्हणून नाव नीट वाचण्याचे काम आपलेच. आणि शिक्का मारणाराच गाफील राहिला तर? २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेत चोर शिरले, इतरांच्या नावांची खोटी प्रमाणपत्रे निघाली, ब्राउझरांनी तिचे नाव यादीतून काढून टाकले आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले. सारा विश्वास शेवटी कोणी तरी नीट तपासण्यावर उभा असतो.

गाल्वाच्या आयुष्याकडे विद्यार्थ्याने याच दृष्टीने पाहावे असे वाटते. परीक्षेत नापास होणे हे काही प्रतिभेचे लक्षण नव्हे आणि पास होणे हीही तिची खूण नव्हे. पॉलितेक्निकने त्याला दिलेला नकार त्या दिवशीच्या त्या उत्तरांपुरता होता. माणसाची किंमत त्यात लिहिलेली नव्हती. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्वासाँ यांना निबंध समजला नाही याचे थोडे कारण निबंधातही होते. मधल्या पायऱ्या गाळल्या म्हणजे तपासणाऱ्याला पाऊल ठेवायला जागा राहत नाही. लिऊव्हिल यांनी वेळ काढला, शव्हालिए आणि आल्फ्रेड यांनी अक्षर न् अक्षर उतरवले, रिशार यांनी वह्या फेकून दिल्या नाहीत, म्हणून ते गणित आपल्यापर्यंत पोहोचले. एका अलौकिक मुलाच्या वीस वर्षांमागे या चार साध्या माणसांची चिकाटी उभी आहे. आपल्या वर्गात, आपल्या शेजारच्या बाकावर, न समजणारे काही बोलणारा एखादा विद्यार्थी असेल तर त्याची वही एकदा सावकाश वाचून पाहण्याइतका वेळ आपल्यापाशी आहे काय, एवढेच या चरित्राच्या शेवटी प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना विचारावेसे वाटते.